हिरवं बोलावणं

पुण्याहून इंदूर हवेतून पाचशे दहा किलोमीटर आणि रस्त्यानं पाचशे नव्वद. माझ्या लहानपणी या आकड्यांना कुणी विचारत नव्हतं. किती वेळ लागेल असं विचारलं की सांगणारा म्हणायचा, "तसे दहा तास." त्या 'तसे'मध्ये नगरची वाहतूक, मनमाडजवळचा चहा, बिजासन घाटात उलटलेला ट्रक आणि मागच्या सीटवर उलटी करणारं पोर, असं सगळं मावायचं. वाट बघणाऱ्यालाही ते ठाऊक असायचं, त्यामुळे तो दोन तास उशिरा स्वयंपाकाला लागायचा.

खोटं तर सगळेच बोलायचे. माझा एक मित्र अंगावर टॉवेल असताना "निघालोय, सिंहगड रोडला लागलोय" असं बिनधास्त सांगायचा. "पाच मिनिटांत पोचतोय" याचा अर्थ अर्धा तास, हे पोरांनाही कळायचं. मला स्वतःला या प्रकाराची चीड होती. माझं कोथरूडला चष्म्याचं दुकान आहे. अर्ध्या मिलिमीटरनं चुकलं तर गिऱ्हाइकाचं डोकं दुखतं, अशा धंद्यातला मी. म्हणून मार्गमाळ आली तेव्हा आनंद झालेल्या मोजक्या लोकांत मी होतो.

मार्गमाळ आता सगळ्यांच्या अंगवळणी पडली आहे, तरी तिचं तत्त्व थोडक्यात सांगतो. रस्त्यावर गर्दी होते ती गाड्या जास्त म्हणून, असं आपण समजत होतो. ते अर्धंच खरं होतं. एकानं उगाच ब्रेक दाबला की मागचा जरा जास्त दाबतो, त्याच्या मागचा आणखी जास्त. ती लाट उलटी मागे पळते आणि चार किलोमीटर मागे कुणीतरी पूर्ण थांबतो. त्याला पुढे काय झालंय ते कधीच कळत नाही, कारण पुढे काही झालेलंच नसतं. यावर उपाय असा निघाला की रस्त्यावर गाड्या सोडायच्याच नाहीत, आधी रिकाम्या जागा सोडायच्या. चाळीस मीटर लांबीची एक रिकामी जागा ठरलेल्या वेगानं पुण्याहून निघते आणि ठरलेल्या मिनिटाला इंदूरला पोचते. तिला मणी म्हणतात. तुमची गाडी त्या मण्यात बसते, स्वतःच चालते आणि उतरेपर्यंत त्याच मण्यात राहते. पुढच्याला ब्रेक दाबताच येत नाही, त्यामुळे मागच्यावर तशी वेळ येत नाही.

यामुळे पोचण्याची वेळ घर सोडण्याआधीच कळू लागली, तीही मिनिटावर. ज्याच्याकडे जायचं त्याच्या भिंतीवर एक छोटी पाटी असते. तिला लोक वाटपाटी म्हणतात. तिच्यावर पाहुणा कुठे आहे आणि किती मिनिटांत येतोय ते दिसत राहतं. पोळ्या गरम वाढता येऊ लागल्या आणि "निघालोच" हा शब्द भाषेतून गेला.

राहता राहिली निकड, त्यासाठी मण्यांना दोन रंग आले. हिरव्या मण्याला पुणे-इंदूर नऊ तास बारा मिनिटं लागतात, कारण तो सगळ्यांना वाट देत, धुळ्याला चार्जिंग करत जातो. लाल मण्याला वेगळी मार्गिका असते आणि पाच तास लागतात. वीजविमानाला तर सव्वा तास, पण त्यात बाराच आसनं, तीही फक्त लालवाल्यांना मिळतात. पहिल्या वर्षी प्रवाशांनीच रंग निवडायचा, अशी सोय होती. आपल्या लोकांनी काय केलं असेल ते सांगायला नको. बारशाला लाल, साखरपुड्याला लाल, आंब्याची पेटी पोचवायला लाल. शेवटी नियम बदलला. जाणारा रंग निवडणार नाही, ज्याच्याकडे जायचं तो निवडेल. बोलावणं त्यानं धाडायचं, निकड त्यानं सांगायची, आणि लाल धाडायचं तर कारणही लिहायचं. ते कारण प्रवाशाच्या तिकिटावर छापून येतं, म्हणजे कुणी फसवाफसवी करू नये.

नियम अतिशय न्याय्य आहे. दुकानात बसून मी त्याची बाजू कितीतरी जणांशी भांडून मांडली आहे.

*

त्या गुरुवारी सकाळी सात वाजता इंदूरहून परागजिजाजींचं बोलावणं आलं. वृंदाताई माझी मोठी बहीण, माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी. आई लवकर गेली आणि माझे डबे, वेण्या नसल्या तरी केसाला तेल, शाळेच्या सह्या हे सगळं ताईनं केलं. ती लग्न करून इंदूरला गेली तेव्हा मी तेरा वर्षांचा होतो आणि स्टेशनवर तिच्या पदराला धरून इतका रडलो होतो की जिजाजी म्हणाले होते, "यालाही घेऊन जाऊ का?" तिला दीड वर्षापासून फुप्फुसाचा त्रास होता. महिन्यातून एकदा मी जातच होतो.

बोलावणं हिरवं होतं. खाली जिजाजींनी लिहिलं होतं, "वृंदाला जरा बरं नाही. जमलं तर येऊन जा. आरामसे ये."

मी लगेच फोन केला. ताईनंच उचलला.

"काय गं, काय झालं?"

"काही नाही रे. जरा दम लागतो. हे उगाच घाबरतात." आवाज बारीक होता, पण सकाळी तो बारीकच असायचा. "जेवून निघ. दुकान कुणाला तरी सांगून ये."

"डॉक्टर काय म्हणाले?"

"आराम करा म्हणाले. दुसरं काय म्हणणार? सावकाश ये हं, हृषी."

आता मागे वळून पाहताना माझ्या डोक्यात तिडीक जाते. आपल्या घरात 'सावकाश ये' कधी म्हणतात हे मला ठाऊक नव्हतं का? खरंच काही नसतं तेव्हा आपण म्हणतो, "कधी येतोस? किती दिवस झाले!" प्रवासाला निघालेल्या माणसाला वाईट बातमी सांगायची नाही, त्याला घरात घ्यायचं, पाणी द्यायचं, दोन घास पोटात गेले की मग सांगायचं, हे आम्ही पिढ्यान्‌पिढ्या करत आलो आहोत. पण माझ्यासमोर हिरवा रंग होता आणि माझा त्या रंगावर विश्वास होता. तो मिनिटाला चुकत नव्हता.

आठ पस्तीसला माझा मणी कोथरूडच्या फाट्यावर आला. पोचण्याची वेळ पाच सत्तेचाळीस. मी ताईचा नवा चष्मा बरोबर घेतला होता. शिरूरपर्यंत मी त्याच्या काड्या वाकवून बघत होतो आणि तिथून पुढे झोपलो.

*

धुळ्याला एक वीसला गाडी चार्जिंगला लागली. थांबा पंचेचाळीस मिनिटांचा. मी शेवभाजी मागवली आणि पहिला घास तोंडात घालतोय तोच भाचीचा फोन आला. सावनी, ताईची एकुलती एक मुलगी, सव्वीस वर्षांची. ती दबक्या आवाजात बोलत होती.

"मामा, मी गच्चीवर आलेय. तू अजून धुळ्यातच?"

"तिकिटावर तसंच आहे. का गं?"

"तू विमानानं का नाही आलास?"

"हिरव्या बोलावण्यावर विमान मिळतं का? तुम्हीच हिरवं धाडलंय."

ती एकदम रडायला लागली. मग हुंदक्यांमधून सगळं बाहेर आलं. परवा दवाखान्यानं हात टेकले. ताईनं घरी नेण्याचा हट्ट धरला, म्हणून काल घरी आणलं. आज पहाटे डॉक्टर येऊन गेले आणि म्हणाले, ज्यांना बोलवायचं त्यांना बोलवा, संध्याकाळची खात्री देत नाही.

"बाबा लालच टाकत होते, मामा. कारण पण लिहिलं होतं. आईनं त्यांचा हात धरला. म्हणाली, तो एकटा आहे गाडीत. तिकिटावर असलं काही वाचलं तर पाच तास कसा बसेल? वाटेत पाणीसुद्धा प्यायचा नाही. हिरवं टाका. बाबा ऐकेचनात तर तिनं शपथ घातली."

माझ्या हातातला घास हातातच राहिला. रागावायचं कुणावर? सात वर्षांपूर्वी आमचे बाबा माझ्या घरी वारले तेव्हा मी ताईला हेच केलं होतं. तेव्हा रंगाचा बदललेला नियम नुकताच आला होता. लाल धाडलं तर कारण छापून येईल आणि ताई एवढ्या लांबून एकटी ते वाचत येईल, म्हणून मी हिरवं धाडलं आणि लिहिलं, "बाबांना थोडा ताप आहे." ती आली तेव्हा बाबांना नेण्याची तयारी झाली होती. तिनं मला एका शब्दानं विचारलं नाही की असं का केलंस. मी ते तिचं मोठेपण समजलो होतो. ती माझ्या जागी असती तर हेच करणार होती, एवढंच ते होतं.

"जिजाजींना सांग, आत्ता बदला," मी म्हणालो. "आईला कळू देऊ नका."

एक एकावन्नला माझ्या पडद्यावर तांबडी पट्टी आली. 'बदल स्वीकारला. कारण : रुग्ण अत्यवस्थ.' त्याखाली नवी वेळ होती, पाच वाजून चार मिनिटं. त्रेचाळीस मिनिटं वाचली होती. मी मदतीचं बटण दाबून विचारलं, आत्ता लगेच लाल मार्गिका का नाही? उत्तर अतिशय नम्र होतं. सेंधव्यापर्यंतचे लाल मणी सकाळीच भरले आहेत. प्रत्येकात कुणीतरी आहे. सेंधव्याला तीन पंचवीसला एक जागा मोकळी होते, ती तुम्हाला दिली आहे.

मी उठून धावत चार्जिंगच्या मागे असलेल्या विमानतळाकडे गेलो. धुळ्याहून इंदूर हवेतून दोनशे तीस किलोमीटर, उडालं की चाळीस मिनिटं. दोन वाजताचं विमान समोर उभं होतं. खिडकीतल्या बाईंनी माझं तिकीट पाहिलं आणि मान हलवली.

"बाराही आसनं भरलीत दादा. पुढचं चार चाळीसला."

"कुणी आपलं आसन दिलं तर चालतं?"

"चालतं. पण त्यांनी स्वतः द्यायला पाहिजे. मी विचारू शकत नाही."

रांगेत बाराजण उभे होते. मी सर्वांत जवळच्या माणसापाशी गेलो. पन्नाशीचा, पांढरा सदरा, हातात एक थर्मास. त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि मी काय मागायला आलोय ते त्याला बहुधा तोंडावरूनच कळलं.

"तुमचं कोण?" त्यानं विचारलं.

"बहीण. तुमचं?"

"मुलगा," तो म्हणाला.

मी त्याच्या मागच्या बाईंकडे बघितलं. त्या खाली बघत होत्या. त्यांच्या मागे एक तरुण मुलगी भिंतीला टेकून डोळे मिटून उभी होती. या बाराजणांपैकी कुणीही आंब्याची पेटी घेऊन निघालेलं नव्हतं. मीच गिऱ्हाइकांना अभिमानानं सांगायचो की आता लाल म्हणजे खरोखरच लाल. थर्मासवाल्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि रांग सरकली तसा तो पुढे गेला.

*

शिरपूरपर्यंत मी गाडीला शिव्या दिल्या. ती ठरलेल्या वेगानं जात राहिली. सेंधव्याला तीन पंचवीसला ती लाल मार्गिकेत शिरली, एकही सेकंद इकडेतिकडे नाही. मी हिशेब करत होतो. दोन तास झाले, ताई अजून आहे. आणखी दीड तास. इतके महिने तिनं तग धरलाय, दीड तास काय जड आहे? मग वाटायचं, दीड तास फार आहे. एका श्वासालाही तिला किती कष्ट पडतात ते मी पाहिलं होतं.

तिच्याशी फोनवर बोलावं असं मनात आलं, पण भीती वाटली. मला सगळं कळलंय हे माझ्या आवाजावरूनच तिला कळेल. तिनं इतक्या कष्टानं लपवलेलं मी उघडं पाडायचं का? म्हणून मी फोन खिशात ठेवला. पाटी तिच्या पलंगासमोरच्या भिंतीवर होती, हे मला माहीत होतं. तीच ती, जिच्यावर ती दर महिन्याला माझी मिनिटं मोजायची आणि बरोबर शेवटच्या पाचात कुकर उतरवायची.

चार तेवीसला गाडी खलघाटाच्या पुलावर होती. खाली नर्मदा. सावनीचा फोन आला, पण बोलले जिजाजी. हा माणूस वीज मंडळात चौतीस वर्षं होता आणि मीटरचा आकडा कधी कुणासाठी एका युनिटनं बदलला नाही, अशी त्याची ख्याती.

"हृषी, फोन तिच्या कानाशी धरलाय. डोळे मिटलेत, पण ऐकू येतंय तिला. सारखं विचारतेय, कुठवर आला."

समोरच्या पडद्यावर लिहिलं होतं, इंदूर, सुदामानगर, एक्केचाळीस मिनिटं.

पलीकडे श्वासाचा आवाज येत होता. एक श्वास, मग बराच वेळ काही नाही, मग पुन्हा एक. मी चष्मेवाला असलो तरी एवढं मला समजत होतं. एक्केचाळीस मिनिटं त्या श्वासांत बसत नव्हती.

"ताई, मी इंदूरच्या वेशीवर, राऊला पोचलो," मी म्हणालो. "आलोच. दहा मिनिटं."

मग ताईचा आवाज आला, जेमतेम ऐकू येण्याएवढा.

"इतक्यात? पाटी बघा हो."

पाटी तिथंच होती आणि तिच्यावर माझं खलघाट लख्ख दिसत असणार. मी डोळे मिटून घेतले.

"बघतोय ना," जिजाजी म्हणाले. "नऊ लिहिलंय. आठ झालं बघ आता." आणि भिंतीवरची पाटी खिळ्यावरून काढून ठेवल्याचा आवाज आला.

मी बोलत राहिलो. राजेंद्रनगर आलं म्हणालो. चौकात नवीन फुलवाला बसलाय म्हणालो. त्या पोहेवाल्याकडे अजूनही गर्दी आहे म्हणालो. बाहेर धामनोदच्या आधीची शेतं पळत होती आणि मी त्यांच्याकडे बघत इंदूरच्या गल्ल्या एकेक करून पार करत होतो. आयुष्यात मी इतकं सराईतपणे खोटं बोललो नव्हतो. मधूनमधून ताई "हं" म्हणायची. एकदा दोन "हं"मध्ये इतकं अंतर पडलं की मी घाईघाईनं दोन गल्ल्या गाळल्या.

"गल्लीत आलो ताई. गाडी लावतोय."

पलीकडे दाराची घंटा वाजली. सावनी असणार. दार उघडल्याचा आवाजही आला.

"आला?" ताईनं विचारलं.

"आलो गं."

"पाय धू आधी."

आमच्याकडे बाहेरून आलेल्यानं पाय धुतल्याशिवाय आजारी माणसाजवळ जायचं नाही. हे तिनंच मला शिकवलं होतं, मला गोवर झाला होता तेव्हा. तेवढ्यात पलीकडे पाण्याचा आवाज सुरू झाला. सावनीनं न्हाणीघरातला नळ सोडला होता, दार उघडं ठेवून.

"धुतोय ताई," मी म्हणालो.

"टाचा घास. नुसतं पाणी घालून येतोस."

"घासतोय."

"जेवलास वाटेत?"

"शेवभाजी खाल्ली धुळ्याला. भरपूर."

"मग बरं." बराच वेळ फक्त नळ वाजत राहिला. "पाय पूस. ओल्या पायानं फरशीवर नको येऊ."

"पुसतोय ताई. झालंच."

"ये."

"आलो," मी म्हणालो. मी सीटवर पुढे सरकलो होतो आणि माझे दोन्ही हात समोर धरलेले होते. "आलो ताई. हा बघ, आलोच."

उत्तर आलं नाही. मी वाट बघितली. पाणी वाहत होतं. मग जिजाजी हळू आवाजात म्हणाले, "सावनी, नळ बंद कर."

आवाज थांबला. धामनोद मागे पडलं आणि मानपूरचा घाट दिसू लागला. पडद्यावर अठ्ठावीस मिनिटं होती. मला उतरायचं होतं, कुठेतरी रस्त्याच्या कडेला नुसतं उभं राहायचं होतं. मी दार ढकललं, मदतीचं बटण दाबलं, ओरडून पाहिलं. पण लाल मार्गिकेत गाडी थांबवायची सोय नाही. मागच्या प्रत्येक मण्यात कुणीतरी असतं.